टॅरोचे सुलभ रेखाटन : हजीरा आवृत्ती

टॅरोच्या कॅटात ७८ पत्ते असतात. त्यांतल्या २२ पत्त्यांना मेजर आर्काना म्हणतात. सम्राट, संन्यासी, सैतान, सूर्य, चंद्र, मृत्यू अशी बडी मंडळी त्यांत बसवलेली असून त्यांना शून्य ते एकवीस असे क्रमांक आहेत. उरलेले ५६ पत्ते मायनर आर्काना. ते चार गटांत वाटलेले : वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे पेले, स्वॉर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे चांदणी कोरलेली नाणी. प्रत्येक गटात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि वर पेज, नाइट, क्वीन, किंग असे चार दरबारी. बदाम सात आणि मेंढीकोट यांवर वाढलेल्या मराठी माणसाच्या लक्षात आधी येते ते हे, की गुलामाच्या एका जागेवर इथे दोघांची भरती झाली आहे.

हा कॅट मुळात खेळण्यासाठीच होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या सरदार घराण्यांनी तो हौसेने रंगवून घेतला आणि त्यावर डाव मांडले. भविष्याशी त्याची गाठ पडायला पुढे तीन-साडेतीनशे वर्षे जावी लागली. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने छापून टाकले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे लपवून ठेवलेले ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्योंने उलगडली ती १८२२ मध्ये. मधली ४१ वर्षे जेबलँसाहेबांचे म्हणणे तपासून पाहण्याची सोय कोणाकडेच नव्हती, आणि तेवढ्या अवधीत धंदा व्यवस्थित मार्गी लागला.

आज बाजारात मिळणारा कॅट बहुधा १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढलेल्या कॅटाचा वंशज असतो. त्याची योजना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. तोवर बहुतेक कॅटांत मायनर पत्त्यांवर नुसती मोजदाद असे. पेल्याची सत्ती म्हणजे सात पेले, पुढे काही नाही. स्मिथबाईंनी प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग काढला आणि हे सारे काम साधारण सहा महिन्यांत उरकले. त्याबद्दल त्यांना एकरकमी मानधन मिळाले. पुढे लाखांनी कॅट खपले, त्यांत त्यांचा हिस्सा नव्हता. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या गावी त्या वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होते. अठ्ठ्याहत्तर पत्ते स्वतःच्या हाताने काढणाऱ्या बाईंना मानधनाचा करार करताना त्यांतला एकही पत्ता कामी आला नाही, ही नोंद विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवावी. पुढे अनेक प्रसंगी ती उपयोगी पडते.

टॅरो शिकण्यातली मुख्य अडचण पाठांतराची. पत्ता सुलटा आला तर एक अर्थ, उलटा आला तर दुसरा. म्हणजे ७८ दुणे १५६ अर्थ झाले. कॅटाबरोबर एक चिमुकली पुस्तिका मिळते. तिच्यात प्रत्येक पत्त्यापुढे पाच-सहा शब्द दिलेले असतात आणि त्यांतले निम्मे शब्द शेजारच्या पत्त्यापुढेही असतात. ‘नवी सुरुवात’ हा अर्थ तर इतक्या पत्त्यांना वाटून दिला आहे, की तो आला नाही तरच नवल. हे पाढ्यांप्रमाणे घोकायला बसले, तर चौथ्या दिवशी पेल्याची पंजी आणि तलवारीची पंजी एकमेकींत मिसळतात. दोन्हींवर एक दुःखी माणूस असतो, एवढेच शेवटी आठवते.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पत्ता बघून स्वतः काढणे. १८८८ मध्ये लंडनला निघालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात वरच्या वर्गातल्या सभासदाला टॅरोचा अख्खा कॅट हाताने उतरवून घ्यावा लागे. मूळ प्रत मोइना मेदर्स यांनी रंगवलेली. तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ यांच्या त्या धाकट्या बहीण. वेट आणि स्मिथ हे दोघेही याच मंडळातले. पुढे अमेरिकेत पॉल फॉस्टर केस यांनी बिल्डर्स ऑफ द अॅडिटम ही संस्था काढली आणि विद्यार्थ्यांना बिनरंगाचे पत्ते देऊन ते ठरवून दिलेल्या रंगांत स्वतः रंगवायला लावले. लहान मुलांना सुट्टीत गप्प बसवण्याचा जो मार्ग घरोघरी ठाऊक आहे, तोच इथे प्रौढांच्या आत्मोन्नतीसाठी वापरला गेला आणि चांगला चालला.

या उपायाला प्रयोगशाळेचाही दाखला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात वॉम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना साधे शब्द दिले. काहींचे चित्र काढायचे, काही नुसते लिहायचे. चित्र काढलेले शब्द नंतर जास्त आठवले. चित्राला अवघे चार सेकंद दिले तरी फरक टिकला. आणि ज्या निष्कर्षासाठी समस्त मराठी शाळांनी या संशोधकांचे आभार मानावेत तो असा, की चित्र चांगले की वाईट याचा आठवणीशी फारसा संबंध दिसला नाही. प्राथमिक शाळेत ज्यांच्या मोराला कोंबडी समजून पाचपैकी दोन गुण मिळाले होते, त्यांचे नुकसान गुणांपुरतेच होते.

नुसते बघणे आणि काढण्यासाठी बघणे यांत किती अंतर आहे, हे निकर्सन आणि अॅडम्स या जोडीने १९७९ मध्ये दाखवले. त्यांनी अमेरिकन लोकांना रोजच्या वापरातले एक सेंटचे नाणे आठवून काढायला सांगितले. जन्मभर ते नाणे हाताळणाऱ्यांना त्यावर काय कुठे आहे हे धड सांगता आले नाही. आपल्याकडे हा प्रयोग खिशातल्या नोटेवर करता येतो. विसाच्या नव्या नोटेच्या मागे वेरूळचे लेणे आहे आणि शंभराच्या जांभळट नोटेमागे पाटणची राणी की वाव. नोट न बघता यांतले एक तरी चित्र काढून पाहावे. नोट खरी की खोटी हे उजेडात धरून पाहणारा माणूससुद्धा तिच्यावरचे चित्र पाहत नाही. तो फक्त तार बघतो.

आता स्थळाविषयी. सुरतेच्या पश्चिमेला, तापी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथे हजीरा आहे. पोलाद, खत, नैसर्गिक वायू, अवजड यंत्रे, बंदर असा सगळा भारदस्त संसार तिथे नांदतो. मोरा, दामका, सुवाली, जुनागाम ही जुनी गावे, आणि त्यांच्यामध्ये कारखान्यांच्या वसाहती. वसाहतीत देशभरचे लोक असतात आणि मराठी माणूस असतोच. या परिसरात टॅरो शिकायला घेणाऱ्याला काही सोयी आपोआप मिळतात. पहिली सोय कागदाची. दिवाळीत वेंडरने दिलेल्या डायऱ्या घरात थप्पीने पडलेल्या असतात आणि त्यांत एका पानावर एक तारीख छापलेली असते. रोज एक पत्ता काढला, तर अडीच महिन्यांत कॅट पुरा होतो. दुसरी सोय अवजारांची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला मिनी ड्राफ्टर कोणीही कधी टाकून देत नाही. तिसरी सोय वेळेची. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून आलेल्या माणसाच्या घरी दुपारपर्यंत टीव्ही लावायला बंदी असते. त्या सक्तीच्या शांततेत पेन्सिल चालवण्याखेरीज दुसरा उद्योग राहत नाही.

कृती सोपी आहे. पत्ता साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचा. वहीत त्याच्या दुप्पट आकाराची चौकट आखावी. मधली आकृती आधी, मग तिच्या हातातली वस्तू, मग पाठीमागचा देखावा या क्रमाने जावे. सावल्या आणि घड्या यांच्या नादी लागू नये. खाली दोन ओळींत दिसले ते लिहावे; पुस्तिका त्यानंतर उघडावी. इंजिनिअरच्या घरात मात्र चौकट आखल्यावर उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक येतोच : ड्रॉइंग नंबर, स्केल, काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मंजुरी. ‘डेथ, रिव्हिजन तीन’ अशी नोंद असलेली पाने त्यातून तयार होतात. याला हसण्याचे कारण नाही. जुन्या कॅटांत आठव्या क्रमांकावर न्याय होता आणि अकराव्यावर बळ. वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. त्यांनी रिव्हिजन नंबर टाकला असता, तर नंतरच्या पिढ्यांचे वाद वाचले असते.

कोपऱ्यावरून आठवली पाहिजे अशी दुसरी खूण म्हणजे स्मिथबाईंची सही. पत्त्याच्या तळाशी, बहुधा एका कोपऱ्यात, त्यांच्या आद्याक्षरांची नागमोडी गुंफण असते. प्रामाणिक विद्यार्थी तीही उतरवतो, आणि ती पत्त्यापत्त्यावर आढळल्यामुळे तिचा काहीतरी खोल अर्थ असणार असे धरून ‘वळणावळणाने मार्ग निघेल’ असे पाठही करतो. सदर अर्थ आजवर कोणत्याही जातकाने नाकारलेला नाही.

रेखाटनाला सोपे पत्ते थोडे आहेत. तलवारीची तिर्री सर्वांत सोपी : एक बदाम, त्यात आरपार तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. कॉलेजच्या बाकांवर करकटकाने याच विषयाचा पूर्वाभ्यास झालेला असल्याने हा पत्ता पहिल्याच फटक्यात जमतो. वाँड्सची अठ्ठी त्याहून सुखाची. हवेत तिरप्या आठ काठ्या, माणूस नाही की प्राणी नाही. इथे मिनी ड्राफ्टर समांतर रेषा मारून पांग फेडतो.

यानंतर सुख संपते. पहिला अडथळा हातांचा. टॅरोतली माणसे सतत काहीतरी धरून उभी असतात आणि चारही एक्क्यांवर ढगातून नुसता हातच बाहेर आलेला असतो. नवशिक्याने काढलेल्या हाताला बोटे पाच असली तरी ती केळ्याच्या फण्याकडे झुकतात. जाणकार विद्यार्थी म्हणून ढग थोडा मोठा करतात. दुसरा अडथळा घोड्यांचा. चारही नाइट, मृत्यू, सूर्य आणि वाँड्सची छक्की असे सात पत्ते घोडेस्वारीचे आहेत, आणि मराठीत कामाचे घोडे अडते ते इथे शब्दशः अडते. पुढचे पाय येतात, मागचे कुठल्या बाजूला वाकतात हे आठवत नाही. घरातले लहान मूल वही बघून ‘कुत्रा छान आलाय’ असा अभिप्राय देते. तिसरा अडथळा निव्वळ संख्येचा. एक्का ते दश्शी मिळून प्रत्येक गटात ५५ वस्तू होतात. म्हणजे ५५ तलवारी आणि ५५ नाणी. शिवाय प्रत्येक नाण्यात पाच टोकांची चांदणी. पेंटॅकल्सच्या नव्वीपर्यंत पोचलेल्या माणसाचा संपत्तीविषयीचा दृष्टिकोन कायमचा बदललेला असतो. त्याला आणखी नाणी नको असतात.

हातापायांवर एक तोडगा आहे. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या आपल्या चित्रकलेच्या प्रसिद्ध पुस्तकात मूळ चित्र उलटे ठेवून नक्कल करण्याचा सराव दिला आहे. उलट्या चित्रात हात हा हात वाटत नाही, नुसत्या रेषा दिसतात, आणि म्हणून तो बरा येतो. टॅरोत या तोडग्याला एकच खोड : उलट्या पत्त्याचा अर्थ वेगळा असल्याने विद्यार्थ्याला चित्र सुलटे जमते आणि अर्थ उलटा पाठ होतो. ‘हँग्ड मॅन’ या बाराव्या पत्त्यावर तर प्रकरण अगदी हातघाईवर येते. तिथे माणूस मुळातच एका पायाने उलटा टांगलेला आहे. पत्ता उलटा धरला की तो डोक्यामागे तेजोवलय घेऊन एका पायावर मजेत उभा दिसतो, आणि त्याच्याबद्दल वाईट वाटेनासे होते.

हजीऱ्यात या अभ्यासाला एक स्वतंत्र शाखा फुटते. इथला माणूस कोणतेही चित्र बघताना आधी सेफ्टी बघतो. वर्षानुवर्षे पोस्टर, ड्रिल आणि टूलबॉक्स टॉक यांतून गेलेली नजर टॅरोवर पडली, की शंभर वर्षे कोणा भाष्यकाराला न दिसलेल्या त्रुटी उजेडात येतात. ‘फूल’ हा शून्य क्रमांकाचा पत्ता : तरुण कड्याच्या टोकावर, नजर आभाळात, पायाशी कुत्रा. बॅरिकेड नाही, हेल्मेट नाही, कुत्र्याला आत कोणी सोडले याची नोंद नाही. शेरा : नियर मिस. ‘हँग्ड मॅन’ : उंचीवरचे काम, फुल बॉडी हार्नेस नाही, नुसता घोट्याला दोर, परमिट कोणी सही केले? ‘टॉवर’ : वीज थेट माथ्यावर, म्हणजे लायटनिंग अरेस्टर बसवलेलाच नाही, दोन माणसे खिडकीतून खाली, म्हणजे इमर्जन्सी एक्झिट बंद. ‘जस्टिस’ : तलवार म्यानाबाहेर. वाँड्सची पंजी, ज्यात पाच पोरे काठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडली आहेत : हाउसकीपिंग असमाधानकारक. तलवारीची दश्शी, ज्यात जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी आहेत : मूळ कारण शोधणे बाकी.

हा विनोद वाटला, तरी अभ्यासाच्या दृष्टीने बिनचूक आहे. फूल म्हणजे धोक्याची जाणीव नसलेली सुरुवात, टॉवर म्हणजे बेसावध असताना कोसळलेली इमारत, हे अर्थ सेफ्टीच्या नजरेने आपोआप हाती लागतात. ज्याने टॉवर काढताना अरेस्टर शोधला, त्याला तो पत्ता पुन्हा पाठ करावा लागत नाही. चित्रात काय आहे याइतकेच काय नाही हेही बघितल्याशिवाय ते कागदावर उतरत नाही.

दरबारी पत्ते बहुतेकांना जड जातात; सोळा जण, चेहरे जवळजवळ तेच. हजीऱ्यात ते दोन दिवसांत होतात. पेज म्हणजे ग्रॅज्युएट ट्रेनी : नवे कपडे, हातात एकच वस्तू, आणि ती न्याहाळत उभा. नाइट म्हणजे खात्यांचे प्रमुख, आणि ते ओळखायचे घोड्यांवरून. स्वॉर्ड्सच्या नाइटचा घोडा चौखूर उधळलेला, हे प्रोजेक्ट्स. वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचलून उभा, हे मार्केटिंग. कप्सचा घोडा हळूहळू चाललेला, स्वाराच्या हातात एक पेला पुढे धरलेला. हे एचआर, वार्षिक सत्काराला निघालेले. पेंटॅकल्सचा घोडा जागचा हलत नाही आणि स्वार हातातल्या नाण्याकडे बघत बसला आहे. हा परचेस विभाग आहे हे नव्या ट्रेनीलाही सांगावे लागत नाही.

देखावे बदलण्याची मुभाही विद्यार्थ्याने घ्यावी. आपल्या परिसरात आणलेला पत्ता अधिक टिकतो. ‘हर्मिट’ हा हातात कंदील घेतलेला म्हातारा. त्याच्या जागी रात्री अडीच वाजता टॉर्च घेऊन गेज वाचत फिरणारा फील्ड ऑपरेटर काढला तर एकटेपणाचा अर्थ पुसला जात नाही. पेंटॅकल्सच्या अठ्ठीवर एक कारागीर बाकावर बसून नाणे घडवतो. सुरतेत तो घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, वाकलेला कारागीर होतो. वाँड्सच्या दश्शीवर एक माणूस दहा काठ्यांचा भारा छातीशी धरून वाकत गावाकडे चालला आहे, त्याचे तोंड दिसत नाही. रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सल वाहणाऱ्यांचेही तोंड दिसत नाही. तलवारीच्या छक्कीवर एक नावाडी बाईला आणि मुलाला पलीकडच्या किनाऱ्याला नेतो. नावेत सहा तलवारी उभ्या. हजीऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-पॅक्स फेरी ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली आणि रस्त्याचे सुमारे ३७० किलोमीटर समुद्रावरून ९० वर आले. फेरीत ट्रकसुद्धा चढतात. सहा तलवारींनी तिला काही फरक पडणार नाही.

‘हाय प्रीस्टेस’ या दुसऱ्या पत्त्यावर बाईच्या दोन बाजूंना दोन खांब आहेत, एकावर बी आणि दुसऱ्यावर जे. सॉलोमनच्या मंदिरातले बोअझ आणि याकीन हे ते खांब, असे ग्रंथ सांगतात. हजीऱ्यातल्या जुन्या माणसाला हे पटत नाही. इथून निघालेली गॅसची पाइपलाइन एचबीजे नावाने प्रसिद्ध आहे : हजीरा, बिजयपूर, जगदीशपूर. दोन खांब स्पष्ट दिसत असताना तिसरा चित्रकाराने का गाळला, एवढीच त्याची तक्रार असते. तो आपल्या वहीत एच घालून चित्र पूर्ण करतो. बाईच्या मागचा पडदा गूढ ज्ञान झाकतो, हा ग्रंथातला अर्थही त्याला मान्य असतो. मीटरिंग स्टेशनच्या आत सगळ्यांना सोडत नाहीतच.

वाँड्सच्या तिर्रीवर एक व्यापारी पाठमोरा उभा राहून समुद्रातली जहाजे बघतो. हा पत्ता सुवालीच्या किनाऱ्यावर बसून काढावा. सतराव्या शतकात सुरतेला येणारी युरोपीय जहाजे इथेच नांगर टाकत, आणि नोव्हेंबर १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी लढाई इथेच झाली. त्या काळातला सुरतेचा वीरजी व्होरा हा जगातल्या बड्या व्यापाऱ्यांत गणला जाई. जानेवारी १६६४ मध्ये आपल्या वाड्यात काय घडणार आहे हे त्याला कोणत्याही पत्त्याने सांगितले नाही. शिवाजी महाराजांनी मात्र सुभेदार इनायतखानाला आगाऊ पत्र धाडले होते, आणि त्यात बोलावलेल्या धनिकांत वीरजीचे नाव स्पष्ट होते. भविष्य सांगण्याच्या कामी पत्त्यापेक्षा पत्र कितीतरी खात्रीचे, हा या प्रकरणातला धडा. पत्र मिळूनही सुभेदार किल्ल्यात दडून बसला आणि व्हायचे ते झालेच, हा पुरवणी धडा.

अभ्यास अर्ध्यावर असताना सामाजिक प्रश्न उद्भवतात. वसाहतीत बातमी लपत नाही. शेजारच्या बेन चहाची कपबशी हातात घेऊनच विचारतात, की मुलाचा कॅनडाचा व्हिसा कधी येईल. विद्यार्थ्याचे मेजर आर्काना आणि वाँड्स एवढेच काढून झालेले असतात, आणि काढलेल्या पत्त्यांपलीकडचे त्याला काही येत नाही. तो न काढलेले पत्ते बाजूला ठेवून उरलेलेच पिसतो. त्यामुळे त्या महिन्यात साऱ्या वसाहतीचे भविष्य काठ्या आणि सम्राट यांच्यात फिरत राहते. पुढच्या महिन्यात कप्स सुरू झाले, की ज्याला त्याला प्रेम मिळू लागते, निवृत्तीला आलेल्या फोरमनलासुद्धा. स्वॉर्ड्सच्या पंधरवड्यात कोणी विचारायला येऊ नये अशी व्यवस्था घरच्यांनीच करावी. पेंटॅकल्स सर्वांत शेवटी असल्यामुळे तोवर कोणालाच पैसा मिळत नाही. एप्रिलच्या सुमारास, इन्क्रिमेंटची पत्रे लांबलेली असताना, याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो आणि त्याने तलवारी सोडून आधी नाणी काढावीत असा दबाव वाढतो.

घरातल्या आजींचा आक्षेप वेगळा असतो. त्यांच्या मते पहाटे येणारा पिंगळा आणि पिंजऱ्यातला पोपट यांना हे सगळे चित्र काढल्याशिवाय जमत होते. आक्षेप वाजवी आहे. पोपट पाकीट ओढतो, अर्थ सांगायचे काम मालकाचे. टॅरो शिकणाऱ्याला दोन्ही भूमिका एकट्याने वठवाव्या लागतात आणि डाळिंबाचा दाणाही मिळत नाही.

पत्ते हाताने रंगवण्याची परंपरा मराठी मुलखाला नवी नाही. सावंतवाडीची गंजिफा ही त्यातली मोठी. दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल आणि १२० असतात : दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या गटात मासे मोजायचे, परशुरामाच्या गटात परशू. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाला पहिला मान, रात्री कृष्णाच्या. कोणते पत्ते पडून गेले हे लक्षात ठेवणाऱ्याचाच निभाव लागतो, म्हणून हा खेळ स्मरणशक्तीचा समजला जातो. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांना गाठले. सत्वशीलादेवी स्वतः पत्ते रंगवायला शिकल्या आणि राजवाड्यात इतरांनाही शिकवले गेले. एक माणूस जाणार तर त्याच्याबरोबर १२० पत्ते जाणार, अशी वेळ आली होती. हातात कुंचला घेऊन बसल्यामुळे ते राहिले. नुसते बघून ठेवले असते, तर संग्रहालयात डबा उरला असता.

टॅरोच्या रेखाटनातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे शेवटी स्वच्छ सांगितले पाहिजे. भविष्य कळत नाही. कॅनडाचा व्हिसा, इन्क्रिमेंट, मुलीचे स्थळ आणि सी शिफ्टमधून सुटका या चारही बाबी ७८ पत्ते काढून झाल्यावरही होत्या तिथेच असतात. पत्ते मात्र कळतात. पेल्याच्या पंजीवरचा काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतो आहे आणि त्याच्या पाठीशी दोन पेले धड उभे आहेत, हे पुस्तिका वाचून विसरले जाते. ते दोन पेले ज्याने स्वतः काढले तो विसरत नाही. पुढे केव्हातरी समोर बसलेल्या माणसाचे रडगाणे ऐकताना त्याच्या पाठीमागे काय शाबूत उभे आहे तिकडे बघण्याची सवय लागते, आणि टॅरो सांगणाऱ्यांतले जे चांगले असतात ते एवढेच करतात.

तेव्हा ज्याला शिकायचे असेल त्याने क्लासची फी भरण्याआधी एक वही आणि एचबी पेन्सिल घ्यावी, रोज एक पत्ता काढावा, आणि पुस्तिका चित्र झाल्यावरच उघडावी. घोड्यांची काळजी करू नये. ते कोणाचेच येत नाहीत. शेजारून प्रश्न आलाच, तर ‘अजून पेंटॅकल्स व्हायचे आहेत’ असे सांगून चहा घ्यावा. हे उत्तर खरे असते, आणि पेंटॅकल्स पुरे होईपर्यंत पुरते.